ताईचा सव्वा

चाचणीच्या दिवशी ज्याची वस्तू त्याने क्रेनच्या पायाशी उभं राहायचं, हा वायरलेसच्या पेट्या बनवणाऱ्या त्यांच्या कारखान्याचा दंडक होता. आपल्या वस्तूवर आपलाच भरवसा नसेल तर गिऱ्हाइकाने तो का ठेवावा, एवढाच त्यामागचा विचार. अगदी ओझ्याखाली नाही, तेवढं बंदरवाले करू देत नाहीत. पण पिवळ्या पट्ट्याच्या आत, जिथे वर लटकणारा कंटेनर झोक्यात आला तर माणसाला गाठू शकतो, तिथे. हा दंडक घातला होता ताईने. आजवरच्या प्रत्येक चाचणीला तीच तिथे उभी राहिली होती, डोक्यावर हेल्मेट आणि चेहऱ्यावर कोणाला तरी आत्ताच झापून आल्याचा भाव घेऊन.

आज तिथे तिचा धाकटा भाऊ उभा होता. ताई काचेमागच्या गार खोलीत, क्रेन चालवणाऱ्याच्या खुर्चीमागे, काही काम नसलेल्या पाहुणीसारखी बसून होती.

पूर्वी क्रेनवाला वर, आभाळात टांगलेल्या केबिनमध्ये बसायचा. आता तो इथे बसून समोरच्या स्क्रीनकडे बघत हातातल्या दोन काठ्या हलवणार, आणि त्याच्या हाताचा इशारा वायरलेसवरून धक्क्यावरच्या क्रेनपर्यंत जाणार. इशारा झेलणारी पेटी क्रेनच्या पायावर, पहिल्या जिन्याच्या माथ्याशी, भर उन्हात बसवलेली होती. पेटी ताईने बनवलेली, पेटीतला प्रोग्राम भावाचा. भांडण होतं ते या दोघांचं, म्हणजे पेटीचं आणि प्रोग्रामचं. बहीणभावाचं भांडण हे त्यावरचं व्याज.

कारखान्यात तळमजल्यावर ताईची खोली. तिला सगळे भट्टी म्हणत. तिथे कपाटाएवढा एक ओव्हन होता आणि कारखान्यात बनलेली प्रत्येक पेटी त्यात घालून, चालू ठेवून, चांगली भाजून काढायची असा तिथला रिवाज होता. पेटी तगली तर बाहेर जायची. नाही तगली तर ज्याने जोडली त्याने ताईची बोलणी खायची. ताई सगळ्यांचीच ताई होती. तिच्याहून वयाने मोठे असलेले मालकसुद्धा तिला ताईच म्हणत, आणि थोडं जपूनच म्हणत.

तर ही ताई कागदावर लिहिलेल्या आकड्याची पेटी कधी करायचीच नाही. कागद म्हणाला, पेटीने अमुक इतका ताण सोसला पाहिजे, की ताई ती त्याच्या सव्वापट सोसेल अशी करणार. उष्णता बाहेर टाकणारी अॅल्युमिनियमची पाती जाड घेणार, भाग एक आकार मोठे लावणार. हे ती कुठे लिहायची नाही, कोणाला सांगायची नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "चार पाहुणे येणार म्हणून कोणी चारच माणसांचा स्वयंपाक करतं का रे?" कारखान्यात याला ताईचा सव्वा म्हणत. हसत म्हणत, पण त्याच्या जिवावर सुखाने झोपत.

तिचा भाऊ वरच्या मजल्यावर. प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा प्रमुख. घरातला सोन्या तो कारखान्यातही सोन्याच राहिला, कारण ताईला जिन्यातून हाक मारताना दुसरं काही सुचायचं नाही. हा सोन्या काही उंटावरचा शहाणा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मागच्या वर्षी समुद्रातल्या जहाजांवर बसवलेल्या पेट्या अडखळायला लागल्या, तेव्हा ताई त्या उतरवून आणायची तयारी करत होती आणि याने वरून एक नवा प्रोग्राम पाठवला. एका स्क्रूला हात न लावता सगळ्या पेट्या सुतासारख्या सरळ झाल्या. ताईने त्या दिवशी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. थाप जरा जोरातच बसली होती.

"पेटी म्हणजे आता नुसतं भांडं आहे," सोन्या म्हणायचा. "आत काय शिजवायचं ते प्रोग्राम ठरवतो. उद्याच्या वायरलेसमध्ये जे काही नवं येईल ते वरच्या मजल्यावरून येईल. भांडं कुठूनही आणता येतं."

"भोकाचं भांडं आण आणि शिजव," ताई म्हणायची.

इतके दिवस हे चालून जात होतं. मग मालकांच्या मनात आलं की एकदाचा सोक्षमोक्ष लावावा. दोन्ही खोल्या पुढे नेण्याची ऐपत आपल्यात नाही, त्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. बंदराचं काम येतंय. पेटी अगदी बेताची करायची, आणि सिग्नल धरून ठेवायची सगळी जबाबदारी प्रोग्रामवर टाकायची. चाचणी पार पडली तर इथून पुढे पेट्या बाहेरून तयार आणायच्या आणि भट्टी बंद. भट्टीत ताई धरून चार माणसं होती. त्यांना पेट्या भाजण्यापलीकडे कोणी काही शिकवलं नव्हतं.

त्याच बैठकीत सोन्याने पेटीतला तापमान मोजणारा भाग काढून टाकायला लावला. मोजायची गरजच नाही, तो म्हणाला. आजवरच्या शेकडो पेट्या कशा तापतात याची इतक्या वर्षांची माहिती प्रोग्रामला दिली आहे. किती पॉवर चालू आहे, ऊन किती आहे, यावरून तो तापमान नुसत्या हिशेबाने सांगेल. आणि मग, बोलण्याच्या भरात, जे बोलायला नको होतं तेही बोलून गेला.

"खरं सांगू? ताईच्या पेटीतलं निम्मं सामान कामापोटी नसतं. भीतीपोटी असतं."

सगळे हसले. मालक जास्त हसले. ताईच्या कानशिलांवर जाळ झाला. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे कागदावर आहे तेवढंच करायचं ना?"

"तेवढंच," सोन्या लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला.

आणि ताईने तेवढंच केलं. आयुष्यात पहिल्यांदा. जोडकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्याही, "ताई, पाती पातळ वाटतात हो." "कागद बघा आणि करा," ताई म्हणाली. पेटी ओव्हनमध्ये कागदावरच्या आकड्याला बरोबर तगली, त्याच्या पुढे नेऊन तिने बघितलं नाही. सव्वा घातलेला नाही हे तिने वरच्या मजल्यावर सांगितलं नाही. का सांगावं? कागदाप्रमाणे केलं आहे, कोणाची तक्रार असायचं कारणच नव्हतं.

बैठकीपासून दोघं बोलत नव्हते. एकाच इमारतीत वरखाली राहणारी ही भावंडं, आणि मध्ये आई. त्याला म्हणावं गाडीची किल्ली दे. तिला म्हणावं दिली. आई बिचारी दोघांचे निरोप पोचवून पोचवून दमली आणि शेवटी म्हणाली, "वायरलेसवाले तुम्ही आणि अँटेना मी होय रे?" तरी दोघं हसले नाहीत.

आता काचेमागे बसून ताई वाट बघत होती, आणि कशाची ते तिला पक्कं माहीत होतं. तिला चाचणी फसायला हवी होती. वाईट वाटून घ्यायचं तर वाटून घ्या, पण तिच्या मनात तेच होतं. भर उन्हात, जास्त पॉवर मागितली की बिनसव्व्याची पेटी दमणार. दमली की मुकाट्याने बंद पडणार. सिग्नल गेला की क्रेन आपोआप ब्रेक लावून जागच्या जागी उभी राहते, कोणाला खरचटतसुद्धा नाही. मग मालकांना कळेल की नुसत्या प्रोग्रामने पोट भरत नाही, भट्टी वाचेल, आणि सोन्याचं नाक जरा खाली येईल. घरी आल्यावर ती स्वतः त्याला जेवायला वाढणार होती. इथपर्यंत तिने ठरवलं होतं.

क्रेनवाल्याने कंटेनर उचलला. तो वर गेला, हळूहळू सरकत धक्क्याच्या आत आला आणि ट्रेलरच्या दिशेने निघाला. खोलीत मालक उभे होते, हाताची घडी घालून, ओठ मिटून. त्यांच्या शेजारी बंदराच्या सुरक्षा अधिकारीबाई. बाई कमी बोलत आणि सगळं बघत. त्यांचा नियम त्यांनी सुरुवातीलाच सांगितला होता: चाचणी कोणीही थांबवू शकतं, पण थांबवणाऱ्याने कारण सांगायचं, आणि तेच कारण शेऱ्यात जाईल.

एक मोठं जहाज शेजारच्या धक्क्याला लागत होतं. त्याची लोखंडी भिंत पलीकडचा, इशारा पाठवणारा मनोरा आणि क्रेन यांच्या मध्ये आली आणि सिग्नल ढासळला. प्रोग्रामने ताबडतोब पॉवर वाढवली, कागदावरच्या आकड्याच्याही पुढे. सिग्नल पुन्हा वर आला. मालकांनी ओठ मोकळे सोडले.

"बघितलंत?" ते अधिकारीबाईंना म्हणाले. "कोणी बोटसुद्धा लावलं नाही."

बाजूच्या स्क्रीनवर पेटीचं तापमान हिशेबाने येत होतं. एकोणपन्नास. पन्नास. बावन्न. बावन्नवर येऊन आकडा शांत उभा राहिला. ताईने त्या आकड्याकडे पाहिलं. त्या आकड्यात तिला आपली जुनी पेटी दिसली. प्रोग्राम शिकला होता तो तिच्या वर्षानुवर्षांच्या पेट्यांवरून, आणि त्या प्रत्येक पेटीत सव्वा होता. ताईची जाड पाती प्रोग्रामने निसर्गनियम म्हणून धरली होती. हा आकडा धक्क्यावरच्या पेटीचा नव्हताच. ती पेटी आता नव्वदीच्या पुढे असणार, हे ताई बसल्या जागी सांगू शकत होती, आणि ते माहीत असलेली जगात ती एकटी होती.

ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. आता बंद पडेल.

पेटी बंद पडली. आणि पापणी लवायच्या आत पुन्हा सुरू झाली.

"काठी जड लागतेय," क्रेनवाला म्हणाला.

"म्हणजे?" अधिकारीबाई.

"मी हलवतोय आणि ती मागून येतेय. थांबतेय, मग येतेय."

ताई उठून उभी राहिली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पेटी दमून पडणार हे तिने धरलं होतं. पण सोन्याचा प्रोग्राम चांगला होता, खरोखर चांगला. पडलेली पेटी तो लगेच उठवून उभी करत होता, पुन्हा पूर्ण पॉवर देत होता, आणि ती पुन्हा पडत होती. सिग्नल गेला की क्रेनचे ब्रेक लागायचे, आला की सुटायचे. लागायचे, सुटायचे. सिग्नल पुरता तुटला असता तर परवडलं असतं. या अडखळण्याने दोरावरचा कंटेनर हिसके खायला लागला होता, आणि प्रत्येक हिसक्यासरशी त्याचा झोका वाढत होता. खाली ट्रेलरच्या केबिनमध्ये ड्रायव्हर होता. पिवळ्या पट्ट्याच्या आत सोन्या होता.

तिने टेबलावरचा वॉकीटॉकी उचलला. "सोन्या, पॉवर कमी कर."

खरखर झाली. "कमी केली तर सिग्नल तुटेल."

"तुटू दे. पेटी तापलीय."

"बावन्न आहे, ताई. माझ्या हातात स्क्रीन आहे. बावन्नला तुझी पेटी झोपा काढते."

"स्क्रीन गेली खड्ड्यात... स्क्रीन राहू दे रे! मी सांगतेय ना!"

"आठवडाभर बोलली नाहीस, आणि आज माझ्या चाचणीत तोंड उघडतेस?" सोन्या म्हणाला. "सगळे ऐकतायत. गप्प बस."

मालक तिच्या कानाशी आले. "ताई, नेहमीचं आज नको. हात जोडतो."

"चाचणी थांबवा," ताई अधिकारीबाईंना म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. "कारण?"

कारण ताईच्या जिभेवर तयार होतं आणि ते खोटंही नव्हतं. प्रोग्राम तापमान चुकीचं दाखवतोय. चार शब्दांचं काम. शेरा सोन्याच्या नावावर जाईल, वरचा मजला नापास होईल, भट्टी राहील. मावशी राहतील. एवढंच म्हणायचं होतं आणि बाकीचं गिळायचं होतं. काचेपलीकडे कंटेनर एकदा समुद्राकडे गेला आणि एकदा सोन्याच्या बाजूला आला. खूप आला.

"पेटीत सव्वा नाही," ताई म्हणाली.

"काय नाही?"

"मी दरवेळी पेटी सव्वापट करते. सगळ्यांना माहीत आहे. प्रोग्रामही तेच धरून चाललाय. या खेपेला मी तशी केली नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. रागात होते. तो आकडा या पेटीचा नाहीच. चूक माझी आहे, लिहा आणि थांबवा!"

मालकांनी डोळे मिटून घेतले. अधिकारीबाई एका श्वासात म्हणाल्या, "थांबव."

"आता एकदम थांबवला तर हा झोका त्या ट्रेलरवरच जाईल," क्रेनवाला म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण आवाज स्थिर होता. "मला उतरवू द्या. डावीकडे मोकळं आहे. माणसं तेवढी हटवा."

बाईंनी भोंगा वाजवला. ट्रेलरचा ड्रायव्हर दार उघडून उडी मारून पळाला. सोन्या पळाला नाही.

"सोन्या, बाहेर हो! पट्ट्याच्या बाहेर हो!"

"माझी चाचणी आहे," खरखरीतून आवाज आला. "ज्याची वस्तू त्याने उभं राहायचं. तुझाच दंडक."

"पेटीत सव्वा नाही, सोन्या!"

पलीकडे तो चक्क हसला. "ताई, आणि तू? अगं, थाप मारायची तर पटेल अशी तरी मार."

ज्या सवयीला तो भीती म्हणाला होता, तिच्यावर त्याचा एवढा विश्वास होता की खुद्द तिने सांगूनही तो ढळत नव्हता. ताई काचेला दोन्ही हात लावून उभी राहिली. क्रेनवाला काठी हलवत नव्हता, काठीला विचारत होता. सिग्नल आला की थोडं खाली, गेला की हात सैल, आला की थोडं खाली. कंटेनर सोन्याच्या बाजूला झोकावला तेव्हा त्याची सावली सोन्याच्या अंगावरून फिरून गेली. सोन्याने वर पाहिलं. तरी हलला नाही, गाढव कुठला. मग झोका परत फिरला, आणि नेमक्या त्या वेळी सिग्नल आला, आणि क्रेनवाल्याने एका दमात कंटेनर सोडला. तो कोपऱ्यावर आदळला, कलला, डुगडुगला आणि बसला. काचेला हादरा बसला. क्रेनवाल्याने काठ्या सोडल्या आणि आपले हात मांड्यांवर पुसले.

त्यानंतर खोलीत कोणी काय बोललं ते ताईला माहीत नाही. ती जिना उतरून धक्क्यावर पळत सुटली होती. मागून अधिकारीबाई ओरडत होत्या, हेल्मेट, हेल्मेट.

सोन्या क्रेनचा जिना चढत होता. चेहरा लालबुंद. "काय केलंस हे?" तिला बघताच तो वरूनच ओरडला. "पार पडली होती ना चाचणी! थोडं राहिलं होतं! भट्टीसाठी सगळ्यांसमोर खोटं बोललीस? सरळ सांगायचं होतंस, मी गेलो असतो मालकांकडे, पाया पडलो असतो!"

"सोन्या, खाली ये. पेटीजवळ जाऊ नकोस."

"क्रेनचा ब्रेक खराब असेल. जहाज मध्ये आलं असेल. हजार कारणं असतील, पण पेटी नाही! तुझी पेटी आहे ती, ताई! तुझी पेटी कधी तापलीय?" हातातली स्क्रीन त्याने तिच्याकडे फिरवली. "बावन्न!"

"हात लावू नकोस!"

ती पहिल्या पायरीवर होती. त्याने तिच्याकडे बघत, पुरता तळहात उघडून, पेटीच्या पात्यांवर दाबून ठेवला. लहान मुलाच्या कपाळावर ताप बघायला ठेवतात तसा, निःशंक.

तो ओरडला तो आवाज बंदराच्या सगळ्या गोंगाटावरून आला.

प्रथमोपचाराच्या खोलीत एक बाक होता, एक कपाट आणि भिंतीला लागून एक बेसिन. ताईने त्याचा हात नळाखाली धरून ठेवला होता. तळव्यावर पात्यांच्या समांतर रेघा उठल्या होत्या, पांढऱ्या आणि लाल. डॉक्टर येत होते, तोवर पाण्याखालून हात काढायचा नव्हता.

"दुखतंय?"

"नाही, गुदगुल्या होतायत."

अधिकारीबाई येऊन गेल्या. त्यांनी हात पाहिला आणि सोन्याच्या स्क्रीनवरचा आकडाही पाहिला. "मनगटापर्यंत भाजलं असतं तरी हा बावन्नच सांगत राहिला असता," त्या म्हणाल्या. "आणि बाई, तुमच्या पेटीने काय सोसायचं ते ठरतं तुमच्या रागालोभावर. मला यातलं एकही माझ्या धक्क्यावर नको. दोन्ही उतरवून घेऊन जा." त्या चिडलेल्या नव्हत्या. त्यामुळे उलट बोलायला जागाच नव्हती.

त्यांच्या मागे मालक दारात उभे होते. पुढचं वायरलेस पेटीतून येणार की प्रोग्राममधून हे ठरवायला निघालेला माणूस आता नुसता भिंतीला टेकला होता. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही खरं बोललात ते बरं केलंत. पण भट्टी मी बंद करतोय. रागात असताना तुम्ही पेटीत काय घातलं आणि काय नाही, हे आता मी प्रत्येक वेळी कुठे विचारत बसू?"

ताईने मान हलवली. तिला हे काचेमागे तोंड उघडतानाच कळलं होतं. मावशींना कोणत्या तोंडाने सांगायचं, एवढंच तिला कळत नव्हतं.

सोन्या पाण्याकडे बघत होता. हळू आवाजात त्याने विचारलं, "का नाही सांगितलंस मला?"

"तूच म्हणालास ना," ताई म्हणाली. तिला वाटलं होतं आवाज करडा येईल, पण तो कापला. "सगळ्यांसमोर म्हणालास. भीतीपोटी घालते म्हणालास. कागदावर आहे तेवढंच कर म्हणालास. मग केलं तेवढंच. तुझं ऐकलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. राग असता तर ताईला चाललं असतं; रागाला कसं उत्तर द्यायचं ते तिला येत होतं.

"लहानपणापासून माझं कधी एक तरी ऐकलंयस?" तो म्हणाला. "कोणत्या शाळेत जाऊ, कोणाशी लग्न करू, घराला कुठला रंग देऊ. मी बोंबलत राहायचं आणि तू तुझंच खरं करायचं. म्हणून तर मी वाट्टेल ते बोलू शकायचो, ताई. बैठकीतसुद्धा. मी काहीही बोललो तरी तू ऐकणार नाहीस, हे मला माहीत होतं. त्याच भरवशावर मी आज खाली उभा होतो."

त्याचा हात नळाखाली तसाच धरून ठेवून ताई तिथे, मालकांसमोर, हुंदके देऊन रडायला लागली.